कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असताना चट्टे सुजले, तर गोळ्या बंद करायच्या का?

प्रश्न असा आला आहे: थोरले भाऊ, वय ४६, शेती करतात. कुष्ठरोगाचं निदान झालं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्यांचं लाल पाकीट सुरू झालं, आता पाचवं चालू आहे. गेल्या आठवड्यात गालावरचे आणि पाठीवरचे जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले. मधली कातडी साफ आहे, खाज नाही. उजव्या कोपरापासून करंगळीपर्यंत कळा येतात. अंगाचा रंग तर त्याआधीपासूनच काळवंडत चालला आहे. गावातल्या डॉक्टरांनी "गोळ्यांची ॲलर्जी आहे, सगळं बंद करा" असं सांगितलं. काय करावं?

पाकीट बंद करू नका, आणि भावांना उद्याच दवाखान्यात न्या. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ही ॲलर्जी वाटत नाही, लेप्रा रिॲक्शन वाटते. घाई चट्ट्यांसाठी नाही, कोपरासाठी आहे. चट्ट्यांची सूज आज ना उद्या उतरेलच, पण नस सुजून दाबली गेली आणि उपचाराला उशीर झाला तर करंगळी आणि अनामिका वाकड्या राहतात, आणि मग त्या सरळ करायला शस्त्रक्रियेची वाट धरावी लागते.

ॲलर्जी का वाटत नाही ते सांगतो. औषधाची ॲलर्जी जुने चट्टे निवडून त्यांच्यावर येत नाही. ती अंगभर उठते, खाज सुटते, बहुतेक वेळा ताप असतो, आणि ती साधारण पहिल्या दीड-दोन महिन्यांत येते. तुमच्या भावांच्या बाबतीत चट्ट्यांच्या मधली कातडी साफ आहे, खाज नाही, सुरुवात पाचव्या पाकिटात झाली आहे आणि सोबत नस दुखते आहे. ही लेप्रा रिॲक्शनच्या पहिल्या प्रकाराची, टाइप वनची, नेहमीची चाल आहे. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि कातडीत व नसांत बसलेल्या जंतूंवर तुटून पडते. जंतू मेलेले असोत की जिवंत, तिला फरक पडत नाही. या भांडणात सूज येते आणि नसेचं नुकसान होतं. बॉर्डरलाइन, म्हणजे कुष्ठरोगाच्या दोन टोकांच्या मधल्या, प्रकारच्या रुग्णांत हे पुष्कळदा दिसतं, आणि उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त. म्हणून "गोळ्या सुरू केल्या आणि आजार वाढला" असं घरच्यांना वाटतं. वाटणं साहजिक आहे, पण गोळ्या थांबवल्याने रिॲक्शन थांबत नाही. जंतू मारणं मात्र थांबतं.

आता घरातल्या घरात, आज रात्रीच करून बघण्यासारख्या तीन गोष्टी. त्यासाठी डॉक्टर लागत नाही.

एक, करंगळीची ताकद. भावांना पंजा सपाट पसरून बोटं सरळ ठेवायला सांगा. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये पोस्टकार्डाएवढा जाड कागद द्या आणि बोटं घट्ट मिटून तो धरायला सांगा. मग तुम्ही कागद हळूच ओढा. डाव्या हातात कागद अडतो आणि उजव्या हातातून सहज सुटतो, असं झालं तर कोपरातली अल्नर नस कमजोर झाली आहे. बोटं वाकवून धरू देऊ नका. रुग्ण नकळत तशी चलाखी करतो आणि परीक्षा फसते.

दोन, डोळा. गालावर सुजलेला चट्टा असेल तर चेहऱ्याच्या नसेला धोका असतो, आणि हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. डोळे झोपेत मिटतो तसे हलके मिटायला सांगा, आवळून नको. पापण्यांमध्ये पांढरी फट दिसली तर तीही दवाखान्यात गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा.

तीन, स्पर्श. बॉलपेनच्या टोकाने तळहातावर, करंगळीच्या पेरावर, तळपायावर हलका टेका द्या. कातडी जेमतेम दबली पाहिजे, टोचायचं नाही. भावांनी डोळे मिटून, जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं. गेल्या महिन्यापर्यंत कळत होतं आणि आता कळत नाही अशी जागा सापडली, तर तो नव्याने आलेला बधिरपणा आहे, आणि त्यालाच उपचार लागतो. सहा महिन्यांच्या आत गेलेली संवेदना किंवा ताकद स्टेरॉइडने परत येण्याची चांगली शक्यता असते. त्याहून जुनी असेल तर फार आशा दाखवत नाहीत.

नस न दुखताही कमजोर होऊ शकते. त्यामुळे कळा थांबल्या म्हणजे बरं झालं असं धरून चालू नका. ही तपासणी दर पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्रात करून कार्डावर नोंदवून घ्या. तक्ता भरून घेण्यात संकोच करू नका. कुष्ठरोग तंत्रज्ञांचं ते कामच आहे.

उपचार काय होईल? प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. सुरुवात साधारण ४० मिलिग्रॅमने, वजन आणि नसेची अवस्था पाहून त्याहून जास्त, सकाळी खाल्ल्यावर एकदाच. मग दर दोन आठवड्यांनी डोस उतरवत न्यायचा. पूर्वी सरकारी वेळापत्रक १२ आठवड्यांचं असे. नस गुंतलेली असेल तर माझ्या मते ते तोकडं पडतं. भारतात झालेल्या एका चाचणीत तीन महिन्यांपेक्षा पाच महिन्यांचा कोर्स सरस ठरला, आणि नंतरच्या एका मोठ्या चाचणीत २० आठवडे व ३२ आठवडे यांत फरक दिसला नाही. म्हणून २० आठवडे हा व्यवहार्य मुक्काम. सोबत कोपर अर्धवट वाकवून झोळीत किंवा पट्टीत विसावा. पहिले काही दिवस नांगर, फावडं, पाण्याच्या बादल्या बंद. कोपरावर मालीश तर अजिबात नको. घरात कुणीतरी तेल घेऊन बसलेलंच असतं, त्यांना समजावून सांगा.

स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टरांनी चार गोष्टी बघायला हव्यात. साखर, रक्तदाब, क्षयरोगाची लक्षणं आणि पोटातले जंत. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत असू शकतो, आणि स्टेरॉइडच्या आधाराने तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी जंतांचं औषध. त्वचेवर गजकर्ण किंवा खरूज असेल तर तीही आधी दाखवा. स्टेरॉइडवर गजकर्ण असं फोफावतं की नवे चट्टे आले म्हणून रुग्ण घाबरून येतात, आणि नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेलं मिश्र मलम लावून ते आणखी पसरवतात.

आणि एकदा सुरू झाल्यावर प्रेडनिसोलोन मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. दुसरी गोष्ट जास्त दिसते. गोळी घेतली की भूक लागते, अंगात उत्साह येतो, दुखणं पळतं. मग जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्यांचा पत्ता आणला जातो, आणि वर्षभराने गाल फुगलेले, साखर चढलेली, हाडं ठिसूळ, डोळ्यात मोतीबिंदू, अशी माणसं समोर बसतात. विशेषतः दुसऱ्या प्रकारच्या रिॲक्शनमध्ये.

तो दुसरा प्रकार, टाइप टू, म्हणजे ईएनएल (एरिथेमा नोडोसम लेप्रोसम). भावांना तो वाटत नाही, पण लाल पाकीट घेणाऱ्या प्रत्येकाने ओळखायला हवा. जंतूंचा भार जास्त असलेल्यांत तो येतो. तिथे जुने चट्टे सुजत नाहीत. चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर, हातापायांवर आणि चेहऱ्यावर, बोराएवढ्या लाल, हात लावला तरी दुखणाऱ्या गाठी उठतात, काही दिवसांत मावळतात, पुन्हा नव्या येतात. ताप, सांधेदुखी, पायांवर सूज, डोळा लाल होणं, पुरुषांत अंडकोषाची दुखरी सूज ही सोबतची मंडळी. इथे गोंधळ जंतूंच्या अवशेषांवर तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या गुठळ्यांचा असतो, आणि मेलेले जंतू शरीरातून निपटायला वर्षं लागतात. त्यामुळे ईएनएल कोर्स संपल्यानंतरही दोन-तीन वर्षं डोकं वर काढत राहू शकतो. त्याचा अर्थ आजार उलटला असा नाही. आजार खरंच उलटतो तेव्हा तो गुपचूप आणि सावकाश येतो, बहुतेकदा बऱ्याच वर्षांनी. रिॲक्शन एका रात्रीत येते.

ईएनएलमध्ये स्टेरॉइड तात्पुरतं सांभाळतं, पण ते सोडवायला क्लोफाझिमिन उपयोगी पडतं. पाकिटात ते रोज ५० मिलिग्रॅम असतं. ईएनएलसाठी काही आठवडे रोज ३०० पर्यंत देतात आणि मग उतरवतात. असर दिसायला चार-सहा आठवडे लागतात, तेवढा धीर हवा. मोठ्या डोसवर पोटात मुरडा येत राहिला तर कळवा, तो सहन करत बसू नका. थॅलिडोमाइड हे ईएनएलवरचं सर्वांत झटपट औषध. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी झोप यावी म्हणून ते एका कुष्ठरुग्णाला दिलं आणि गाठी उतरलेल्या पाहिल्या. त्याआधी काहीच वर्षं, गर्भवतींनी ते घेतल्याने हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देण्याचं मी टाळतोच. पुरुष रुग्णानेही औषध चालू असताना निरोध वापरला पाहिजे आणि घरातल्या कुणाला ही गोळी झोपेसाठी देऊ नये. स्टेरॉइडसोबत दिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हेही लक्षात ठेवायचं. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, म्हणजे पुढची पायरी, तज्ज्ञांच्या हाती.

आता खऱ्या ॲलर्जीकडे येऊ, कारण गावातल्या डॉक्टरांची भीती अगदीच निराधार नव्हती. पाकिटातली पांढरी गोळी, डॅप्सोन, क्वचित फार वाईट वागते. सुरू केल्यापासून साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात आधी ताप येतो, मग अंगभर लाल पुरळ आणि खाज, चेहऱ्यावर सूज, मान-काखेत गाठी, आणि डोळे पिवळे. याला डॅप्सोन हायपरसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम म्हणतात. यकृत बसलं तर माणूस दगावतो. या वेळी मात्र पाकीट तिथल्या तिथे बंद करायचं आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. डॅप्सोन शरीरात रेंगाळतं, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही काही दिवस त्रास वाढू शकतो. "बंद केलं तरी कमी नाही, म्हणजे हे त्यामुळे नव्हतंच" असा निष्कर्ष काढून पुन्हा गोळी देणं जिवावरचं ठरतं. एकदा असं झालेल्याला आयुष्यात पुन्हा डॅप्सोन नाही. कार्डावर, फाइलवर आणि घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते लाल शाईने लिहून ठेवा. २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी या धोक्याचा संबंध एचएलए-बी*१३:०१ या जनुकप्रकाराशी जोडला. आपल्याकडे ती तपासणी सरसकट होत नाही, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत ताप आणि पुरळ यांवर नजर ठेवणं हाच उपाय. तोंडात, डोळ्यांत, जननेंद्रियांवर फोड आले किंवा कातडी सोलू लागली, तर तीही तेवढीच मोठी आणीबाणी.

डॅप्सोनचा दुसरा त्रास रक्ताचा. ते लाल पेशी थोड्याफार फोडतंच. हिमोग्लोबिन एखाद-दोन ग्रॅमने उतरणं सर्रास घडतं आणि बहुतेकांना कळतही नाही. पण लाल पेशींना जपणारं जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्यांत ही पडझड मोठी असते. आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल आजार आहे, तेव्हा पाकीट देण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी झालेली असावी असा माझा आग्रह असतो. चालताना धाप, पांढरेफटक पडणं, ओठ निळसर होणं, सुरुवातीच्या आठवड्यांत घसा दुखून जोराचा ताप, यांपैकी काहीही असेल तर रक्त तपासा.

डॅप्सोन बंद झालं म्हणून उपचार बंद होत नाही. बहुजिवाणू, म्हणजे लाल पाकिटाच्या, प्रकारात पाकिटातल्या बाकीच्या दोन औषधांवर, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिनवर, कोर्स पूर्ण करता येतो. १९४० च्या दशकापासून डॅप्सोन एकटंच वापरलं गेलं, जंतू त्याला सरावले, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. रोगावरचा खरा घाव रिफॅम्पिसिनचा, महिन्यातून एकदा समोर घ्यायच्या ६०० मिलिग्रॅमचा. त्या दिवशी लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नाही. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, हे बायकांना सांगायचं राहून जातं.

काळवंडण्याबद्दल. हे तपकिरी कॅप्सूलचं, क्लोफाझिमिनचं काम. दोन-तीन महिन्यांनंतर दिसू लागतं, चट्ट्यांवर सर्वांत गडद आणि उन्हात जास्त. सोबत कातडी माशाच्या खवल्यांसारखी कोरडी होते. धोका काहीच नाही. कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात, कधी थोड्या जास्त काळात, रंग परत येतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर लोक स्वीकारतात. न सांगितल्यास पाकिटातून तेवढीच कॅप्सूल काढून बाकीच्या घेतल्या जातात, लग्न ठरायच्या मुली तर हमखास. लपवून सोडू नका. रंग सहनच होत नसेल तर पर्यायी औषधं आहेत, डॉक्टरांशी बोला. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि आंघोळीनंतर ओल्या अंगावर तेल, एवढ्याने खूप फरक पडतो.

त्वचेची खरी रोजची लढाई तळपायावर असते. नस गेली की घाम थांबतो, कातडी सुकते, घट्टे होतात, घट्ट्याला भेग पडते, भेगेतून जंतू शिरतात, आणि दुखत नसल्याने माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. जखम भरत नाही ती कुष्ठरोगाच्या जंतूमुळे नव्हे, चालण्यामुळे. म्हणून रोज संध्याकाळी पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. पाणी कोमट हवं असेल तर ते दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं, रुग्णाने नाही. मग भिजलेला घट्टा हलक्या हाताने घासायचा. वज्री खरखरीत असते आणि बधिर पायाला किती घासलं ते कळत नाही, तेव्हा ती घरच्यांनी चालवावी किंवा मऊ दगड घ्यावा. ब्लेड कधीच नाही. पाय न पुसता, ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळायचं, म्हणजे पाणी कातडीत अडून राहतं. त्याच वेळी बोटांच्या बेचक्या आणि टाच उजेडात बघायची. एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला सरकारकडून मोफत मिळतात: आतला रबर मऊ, तळ कडक, मागे पट्टा, खिळा एकही नाही. कडक तळ यासाठी की बाभळीचा काटा आरपार जाऊ नये. नुसती मऊ स्लीपर शेतात निरुपयोगी. जखम असेल तर स्वच्छ पट्टी आणि पाय उचलून विश्रांती. अँटिबायोटिक तेव्हाच, जेव्हा ताप, वास, पू किंवा आसपास सूज असेल. हातांसाठी चहाचा स्टीलचा पेला आणि तवा हे दोन शत्रू. पेल्याला फडकं गुंडाळा आणि बिडी असेल तर सोडा, कारण बोटांच्या बेचक्यातले भाजल्याचे डाग बहुतेक तिचेच असतात.

भावांना "कुठेतरी ठेवून या" असा सल्ला कुणी दिला असेल, तर तो ऐकू नका. कुष्ठरुग्णांसाठी वर्ध्याजवळचं दत्तपूर १९३६ मध्ये आणि बाबा आमटेंचं आनंदवन १९४९ मध्ये उभं राहिलं, तेव्हा एमडीटी नव्हती आणि गाव रुग्णाला राहू देत नव्हतं. आज रिफॅम्पिसिनच्या पहिल्या डोसनंतर काही दिवसांतच माणूस दुसऱ्याला लागण करण्याच्या अवस्थेत राहत नाही. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, याची काही गरज नाही. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातूनही काढून टाकलं गेलं.

उद्या जाताना चालू पाकीट, उपचाराचं कार्ड आणि गावातल्या डॉक्टरांनी काही दिलं असेल तर त्याची चिठ्ठी न्या. आरोग्य केंद्रात प्रेडनिसोलोन नसेल किंवा डॉक्टर उपलब्ध नसतील, तर परत फिरू नका. तिथून थेट जिल्हा रुग्णालयाचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग गाठा. मधल्या काळात पाकिटातल्या गोळ्या चालूच.

आणि एक काम घरच्यांचं. एका घरात राहणाऱ्या सगळ्यांची, मुलांसकट, पाठ-पोट उघडं करून उजेडात तपासणी करून घ्या. चट्टा नसेल आणि क्षयाची लक्षणं नसतील, तर त्यांना रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस देतात. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत त्याने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. वहिनी किंवा घरातलं कुणी गरोदर असेल तर आशाताईंना तसं सांगा. त्यांना हा डोस बाळंतपणानंतर देतात.